लांबच्या रस्त्याचा नवस

शुभा नवस बोलली तेव्हा मी तिच्या घामेजल्या मुठीत होते. मी एक सुपारी. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, इंडियन स्टोअरच्या पुडीतून तिच्या घरी आलेली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, फ्रीवेवर गाडी चालवताना डुलकी लागली आणि गाडी कठड्यावर आदळली. "बाप्पा, हे सुखरूप घरी येऊ देत," शुभा पुटपुटली, "लांबच्या रस्त्यावर यांच्या हाती पुन्हा गाडी देणार नाही." नऊ दिवसांनी तो हॉस्पिटलमधून घरी आला. नवसाचं मात्र त्याला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून मी देव्हाऱ्यात, तांदळाच्या राशीवर. शुभा रोज नीट बसवते आणि मी रोज घरंगळते. मनात एवढं साठलेलं असताना स्वस्थ बसवतं का कुणाला?

यंदा युरोपची सहल ठरली. पॅरिस, झुरिक, व्हेनिस. पॅरिसपर्यंत विमान, पण पुढे या शहरातून त्या शहरात जायचं कसं, यावर महिनाभर खल चालला. इथेच जन्मलेली लेक इशिता म्हणे, फ्लाइट घेऊ, तासाभराचं काम. गुरुनाथला गाडी भाड्याने घेऊन आल्प्स ओलांडायचे होते. शुभाचं एकच पालुपद, ट्रेन. का विचारलं की दर वेळी नवं कारण. ट्रेनमध्ये पाय मोकळे करता येतात. दशम्या खाता येतात. विमानात चटणी अडवतात.

"चटणीपायी माझे आल्प्स घालवतेस होय," गुरुनाथ चिडवायचा. शुभा हसायची, आणि इकडे मी राशीवरून घरंगळायचे.

शेवटी रविवारच्या पूजेला देवापुढे चिठ्ठ्या टाकून कौल घ्यायचं ठरलं. शुभाने एकटीने बसून तीन चिठ्ठ्या लिहिल्या. मी अगदी जवळून पाहिलं. तिन्हींवर ट्रेन. घड्या घालून तिने त्या माझ्या बाजूला ठेवल्या.

आरती झाली. इशिताने चिठ्ठी उचलायला हात पुढे केला, तोच शुभाने त्यांवर तळवा ठेवला.

"थांब. तिन्ही एकच आहेत."

मग तिने सगळं सांगून टाकलं. अपघातानंतर बोललेला नवस, दोन वर्षं गिळलेली भीती.

गुरुनाथने एकेक चिठ्ठी उलगडून पाहिली. "माझ्या हातांचा नवस, आणि मलाच ठाऊक नाही?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

तो पाटावर टेकला.

"नसतो म्हणालो. अजूनही फ्रीवेला लागलो की माझे तळवे भिजतात गं. माझी भीती गेलीय, हे मला तुम्हा दोघींना दाखवायचं होतं. म्हणून आल्प्स."

शुभाने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. इशिताने तिथेच बसून ट्रेनची तिकिटं काढली. म्हणाली, "बाबा, विंडो सीट तुझी."

काल ते निघाले. मी इथेच, राशीवर. ते व्हेनिसहून परत येईपर्यंत माझा जीव काही थाऱ्यावर येणार नाही.

एक मागणं आहे. तुम्हीही कुणाच्या वतीने, त्याच्या नकळत, नवस बोलला असाल तर शुभासारखं करा. आज जेवायला बसाल तेव्हा त्या माणसालाही तो सांगा. देवाने तो केव्हाच ऐकलाय.