गोटीचा सागवानी ट्रे

मी सागवानी ट्रे बोलतोय. माझ्या दोन बाजू सरळ, दोन टोकं अर्धगोल. मारेगावच्या उकंडानं मला २००६ साली घडवलं. त्या वर्षांत कपाशीच्या कर्जानं गावंच्या गावं बुडवली होती. सुतारकाम करणाऱ्या उकंडाकडे नवी बैलगाडी सांगायला कुणी येईना. तरी लेक उर्वशीनं माझं चित्र काढून दिलं, तेव्हा जपून ठेवलेली फळी त्यानं लगेच बाहेर काढली.

उर्वशी यवतमाळला भौतिकशास्त्र शिकत होती. तिनं माझ्यात काचेची गोटी सोडली. पुन्हा तिथूनच सोडली. चार-पाच टकरींनंतर गोटीचा रस्ता पार निराळा!

"नशिबावानी हाय हे," उकंडा म्हणाला.

"नाही बाबा. नियम पक्का हाय. हात केसभर हलला का तो फरक वाढत जाते." मग म्हणाली, "डोळ्याले दिसत नाही एवढी लहान, अशाच आकाराची जागा करून त्यात इलेक्ट्रॉन कोंडतात. तो गोटीसारखा एका रस्त्यानं जात नाही, लाटेसारखा पसरते."

"मंग गोटीचे रस्ते मिटले?"

"नाही ना! ज्या रस्त्यावर गोटी टिकतच नाही, त्याच रस्त्यावर कधी कधी लाट दाट होते. शास्त्रज्ञ त्याले व्रण म्हणतात. मले हेच शिकाचं हाय."

उकंडाला किती कळलं कोण जाणे. पण गल्लीत ज्याला त्याला बोलावून तो मला दाखवायचा.

पुढच्या वैशाखात बंगळूरहून संशोधनाच्या मुलाखतीचं पत्र आलं. उर्वशी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी उकंडाच्या छातीत कळ आली. त्याची बायको मथुराबाई शेजाऱ्यांकडून लेकीला फोन करायला उठली. त्यानं तिचा हात धरला.

"पोरीले सांगू नको. मुलाखत होऊ दे. माही शपथ हाय."

मुलाखतीच्या सकाळीच तो गेला. निवड झाल्याचं सांगायला उर्वशीनं शेजाऱ्यांकडे फोन केला, तेव्हा तिला कळलं. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

"मले काहून नाही सांगितलं, आई?"

"त्यानं शपथ घातली होती, बाई. मी काय करू?"

उर्वशी बंगळूरला परत गेली. मला तिनं नेलं नाही. आता मथुराबाई माझ्यात मिरच्या वाळत घालते. दर रविवारी फोन येतो. आई विचारते, जेवली का. लेक विचारते, गोळी घेतली का. त्या सकाळबद्दल दोघीही बोलत नाहीत.

उन्हानं माझं लाकूड तडकलंय. फार दिवस राहिले नाहीत माझे. एवढंच मागणं आहे: दूर गेलेल्या लेकराला घरचं दुखणं कळवत जा. मुलाखत पुन्हा मागता येते.