दार धरणारा माणूस

उंच शिखरं माणसाला साद घालतात आणि त्या सादेला ओ देतो तोच खरा जगतो, असं पुष्कळ थोर लोक मानतात. निवृत्त लिफ्टमनला शिखराने साद वगैरे घातली नव्हती. बायकोने कोपराने ढोसलं होतं. आता दुसऱ्याच वळणावर एका खडकाला टेकून, आपण लोकांना आयुष्यभर किती सुखाने वर नेलं, याचा तो विचार करत होता.

"बटण शोधताय?" बायकोने विचारलं.

विचारलं म्हणजे पुटपुटली. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज कागदाच्या सळसळीएवढा उरला होता. "परत येईलही, नाहीही," असं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते. तेव्हापासून घरात शांतता नांदत होती. जिच्यासाठी लिफ्टमनने संसारभर देवाला विनवलं, तीच शांतता आता त्याला जेवू देत नव्हती. एकदा त्याने ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकून पाहिला. बायकोने मुकाट्याने उचलला. बाथरूमचा नळ सोडून तो पोटभर रडला.

हा डोंगर तिच्या माहेरचा. तिचे वडील इथे मेंढ्या चारायचे. "एकदा वर जायचंय," एवढंच ती पुटपुटली होती.

वाटेत कुरणाच्या कुंपणाला लाकडी फाटक लागलं. लिफ्टमनने ते उघडून बायकोला आत सोडलं, तोच समोरून एक मेंढी बाहेर आली. कुणी बाहेर पडत असेल तर दार धरून उभं राहायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. मेंढीमागे मेंढी, मागे कोकरं. हा अदबीने बाजूला.

"सावकाश... ढकलाढकली नको... येऊ द्या, येऊ द्या."

"अहो काका!" लांब वरून मेंढपाळ बोंबलत धावत सुटला. "काय करताय! खाली कडा आहे, कडा!"

त्याने कळपाला हाका मारल्या, पण वारा उलटा. त्या त्याच्याच तोंडावर परतत होत्या. पुढची मेंढी उताराला लागली होती.

बायको दगडावर चढली. तोंडापुढे हात धरले. आधी नुसती हवा आली. मग गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी करकरलं, आणि एकाएकी—

"हुर्र्र हो! हो! होऽऽ!"

कळप जागच्या जागी थबकला. पुढची मेंढी वळली, शाळा सुटता सुटता परत बोलावल्यासारखं तोंड करून.

मेंढपाळ धापा टाकत पोचला. "काकू, ही हाक कुठं शिकलात? आमचे म्हातारे घालायचे अशी."

"बापाची आहे माझ्या," ती म्हणाली. घोगरं, पण स्पष्ट.

त्यानंतर मेंढपाळाने काकांची यथास्थित हजेरी घेतली. त्यातलं एक अक्षर लिफ्टमनच्या कानात शिरलं नाही. शिखर अजून बरंच वर होतं. तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने हात जोडले. नक्की कुणाला जोडायचे ते न कळल्यामुळे आधी डोंगराला जोडले, मग डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दिशेने, आणि शेवटी पुढच्या मेंढीला.

"अगं," तो डोळे पुसत म्हणाला, "परत एकदा ओरड ना. माझ्यावर. काहीही चालेल."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. शेवटचं कोकरू दोघांच्या मधून आत गेलं.

"अहो," ती अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी ते फाटक लावा!"