बाद गड्यांचा बाक

माझं हृदय थांबलं तेव्हा सामन्याचा पंच मीच होतो, त्यामुळे शिट्टीही मलाच वाजवावी लागली. लांब वाजवली. खेळ थांबला. मी हात वर करून स्वतःला बाद दिलं आणि मैदानाबाहेर चालू लागलो.

अंग मागेच राहिलं. मध्यरेषेवर उताणं पडलं होतं, शिट्टी तोंडात तशीच. ते उचलायला मागे फिरावंसं वाटलं, पण बाद गड्याने मैदानात पाऊल टाकायचं नसतं. हे मी आयुष्यभर पोरांना ओरडून सांगत आलोय. स्वतःवर वेळ आली म्हणून नियम मोडणं बरं दिसलं नसतं.

माझं नाव तातोबा मगदूम. तालुक्यात कुठेही कबड्डी असली की पंच म्हणून मला बोलावतात आणि सामना संपला की शिव्याही मलाच देतात. त्या दुपारी आमच्याच गावात, तालमीच्या पटांगणात बायकांचा सामना होता. वैजयंता साळोखे ही आमच्या गावच्या संघाची कप्तान. पेठेत तिची पिठाची गिरणी आहे आणि जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी चालते. मी तिला रेषेबाहेर गेली म्हणून बाद दिलं होतं.

"पंचकाका, पाय आत हुता माझा."

"रेषेबाहेर गेला."

"गेला न्हाई. चष्मा बदला तुम्ही."

यावर मी तिला सुनावणार होतो, तेवढ्यात हृदय थांबलं. तो निर्णय तसाच लोंबकळत राहिला.

मैदानापलीकडे बाद गड्यांचा बाक आहे. त्यावर आधीच तिघं बसलेली होती. पहिले इब्राहिमभाई मुजावर, टेलर, गळ्यात टेप. दुसऱ्या शेंडुरे बाई, ज्यांनी पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना बाराखडी शिकवली. तिसरा पाटलांचा केदार, अंगावर गुलाल. तिघंही केव्हाच वारलेली. इब्राहिमभाईंनी सरकून मला जागा दिली.

"बस तातोबा. पान न्हाई माझ्याकडं, न्हाईतर दिलं असतं."

"तुम्ही इथं कधीपासून?"

"एस्टी स्टँडवर पडलो तवापासनं. लोकांनी चांगलं केलं, कुणी सोडून न्हाई गेलं. तोंडात पाणी घातलं. पंख्याखाली नेलं. गाडी आणायला दोघं पळाले. गाडी येस्तवर समदी माझ्याकडं बघत उभी."

केदार म्हणाला, "मी मिरवणुकीत नाचत हुतो. लोक म्हणले जास्त झाली असंल, झोपू दे त्याला." मग अंगावरचा गुलाल झटकत म्हणाला, "मी पीत न्हाई काका."

बाई काही बोलल्या नाहीत. त्या प्रार्थनेच्या वेळी शाळेत पडल्या होत्या आणि त्यांना कांदा हुंगवला होता, हे मला माहीत होतं. मी नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली आणि बोट मैदानाकडे दाखवलं.

मैदान लांबत होतं. कबड्डीचं मैदान ते केवढंसं, या टोकाला कुजबुजलं तर त्या टोकाला ऐकू जातं. पण मध्यरेषा बघता बघता मागे सरकली. तालमीच्या फाटकापाशी गेली, मग रस्ता ओलांडला, मग चव्हाणांच्या उसाच्या फडाला जाऊन लागली. माझं अंग रेषेबरोबरच लांब चाललं होतं आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झाली होती. कुणी वारा घालत होतं, कुणी तळपाय चोळत होतं. माझी बायको मालन, जिने माझा एकही सामना कधी धडपणे पाहिला नव्हता, ती डबा द्यायला म्हणून आली होती. ती शेजारी बसून माझं मनगट धरून होती.

"फार लांब गेली रेषा, तर मग न्हाई येता येत," इब्राहिमभाई म्हणाले. "माझी नदीपल्याड गेली हुती."

त्यांनी हे ऊन वाढलंय असं सांगावं तितक्या सहज सांगितलं. मला मरायचं नव्हतं. मालनने डब्यात काय आणलंय तेही मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात वैजयंता गर्दीत घुसली. तिने माझ्या तोंडातली शिट्टी काढून फेकून दिली, खांदे हलवून हाक मारली, छातीकडे नीट पाहिलं. श्वास नव्हता. मग गुडघ्यांवर बसली, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवला, कोपरं ताठ केली आणि माझ्या छातीच्या मधोमध भार टाकला.

"कबड्डी," ती म्हणाली आणि दाबलं. "कबड्डी." परत दाबलं. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी."

बाकावर बसल्या बसल्या मला छातीत गुद्दे बसू लागले. चांगले जोरकस, दोन इंच आत जाणारे. बरगडी कुरकुरली. आणि मध्यरेषा थांबली. जवळ आली नाही, पण उसाच्या कडेला जिथे होती तिथेच रुतून राहिली. दम सुटला की रेषा आणखी लांब सरकायची, दम धरला की जागच्या जागी.

"तुमच्यासाठी चढाई सुरू झाली, काका," केदार म्हणाला. त्याच्या आवाजात हेवा असता तरी मी समजून घेतलं असतं, पण नव्हता.

आता मुद्दा नियमाचा होता. समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत होतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जो आधी बाद झाला तो आधी उठतो. माझ्या आधी तिघं होती.

"इब्राहिमभाई, उठा," मी म्हणालो. "पहिला नंबर तुमचा."

"खुळा का काय तू? पोरगी तुझ्या छातीवर बसलीया."

"नियम म्हणजे नियम. तुमच्यानंतर बाई, मग केदार. मी शेवटी."

"शेवटी म्हणजे केव्हा? रेषा थांबणार हाय व्हय तवर?"

"मी उभ्या जन्मात कुणाला रांग मोडून उठवलं नाही."

मी हटून बसलो. लोक म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते माझ्याबाबतीत खरं असावं. तिकडे वैजयंताचा चेहरा लाल झाला होता, घाम टपटप माझ्या शर्टावर पडत होता. तिने मान न वळवता हाक मारली, "कोण तरी या गं, हात भरून आलं." तशी पाहुण्या संघाची एक दणकट पोरगी पुढे आली, तिने वैजयंताच्या शेजारी गुडघे टेकले आणि एकही ठोका न चुकवता जागा घेतली. तिच्यामागे आणखी दोघी रांग लावून बसल्या. एक या संघातली, एक त्या. थोड्या वेळापूर्वी या बायका एकमेकींचे पाय ओढत होत्या. दोन्ही संघ एकाच बाजूने खेळतायत असा सामना मी कधी पाहिला नव्हता.

इब्राहिमभाईंनी गळ्यातली टेप नीट केली. "पंच, एक विचारतो. पाळी कुठल्या गड्यांची असती?"

"एका सामन्यातल्या."

"आम्ही तुझ्या सामन्यातलं हाय का? माझा सामना स्टँडवर. बाईंचा शाळंत. पोराचा मिरवणुकीत. तुझ्या सामन्यात बाद कितीजण?"

मी विचार केला. त्यांचं बरोबर होतं. "मी एकटाच," मी म्हणालो.

"मग ऊठ की मुकाट्यानं."

मी उठलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मापाला उभा केल्यासारखा.

पण उठून उपयोग नव्हता, कारण रेषा अजून लांब होती. दाबण्याने ती थांबली होती, पण जवळ यायला काही तरी आणखी हवं होतं. ते तालमीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मंडळाने बसवलेली पांढरी पेटी, हृदयाला विजेचा धक्का देणारी. गावात तिला झटक्याची पेटी म्हणतात. खंडेनवमीला तलवारी आणि वजनांबरोबर तिचीही पूजा झाली होती. तिच्यावर कुंकवाचा टिळा होता आणि वाळलेली झेंडूची माळ. वैजयंताने माळेसकट पेटी उपसून आणली.

मंडळाचे अध्यक्ष आडवे आले. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "अगं, एक झटका आलाय त्यास्नी. त्यावर आणखी झटका दिलास तर माणूस राहील व्हय?"

"अध्यक्ष, काट्यानंच काटा काढायचा असतोय. आणि हिला समजतंय कवा द्यायचा आन कवा न्हाई. व्हा बाजूला."

तिने माझा शर्ट फाडला. पेटी उघडताच ती बोलू लागली. आवाज शेंडुरे बाईंचा होता.

मी बाकाकडे वळून पाहिलं. बाई ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी आल्यापासून त्या का बोलल्या नाहीत ते मला आता कळलं. त्यांचा आवाज तिकडे कामावर होता.

"चित्रात दाखवल्याप्रमाणे दोन्ही पट्ट्या छातीवर चिकटवा," पेटी म्हणाली. वैजयंताने एक पट्टी उजव्या खांद्याखाली लावली, दुसरी डाव्या काखेखाली. "आता रुग्णाला कोणीही हात लावू नका."

दाबणारी पोरगी हात वर करून मागे सरली. वारा घालणारे मागे सरले. तळपाय चोळणारे मागे सरले. अध्यक्षांनी तर हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. सगळे बाईंच्या हाताखालून गेलेले, बाईंचा शब्द खाली पडणं शक्य नव्हतं. मी बाकाकडून रेषेकडे निघालो, पण पाऊल उचलेना. माझं डावं मनगट कुणीतरी घट्ट धरलं होतं. तिथे दिसत काहीच नव्हतं, फक्त काचेच्या बांगड्या हाडाला रुतत होत्या.

मालन निपाणीची. ती बाईंची विद्यार्थिनी नव्हती.

"रुग्णाला हात लावू नका," पेटीतून बाई पुन्हा म्हणाल्या. रेषा उसाच्या फडात शिरली.

"काकू, हात सोडा," वैजयंता म्हणाली.

"न्हाई सोडायची."

"काकू."

"लग्नात धरलाय ह्यो हात. आत्ता सोडू? आत्ता?"

मला तिथून ओरडून सांगायचं होतं की सोड, मालन, सोड. तोंड उघडलं, पण बाकाकडून मैदानात आवाज जात नाही. पकड कशी असावी ते मी शेकडो पोरांना शिकवलंय. इतकी पक्की पकड एकाचीही पाहिली नाही. रेषेचा चुना आता मला दिसेनासा झाला होता.

वैजयंता तिच्यासमोर खाली बसली. पहिल्यांदाच हळू बोलली. "काकू, मी काकांस्नी आणायला निघालीया. ते बी निघाल्यात. पण त्यास्नी कुणी तरी धरून ठेवलंय बघा."

मालनने आपल्या हाताकडे पाहिलं. "मीच धरलंय व्हय?"

"व्हय."

"सोडलं तर येतील?"

"सोडल्याबिगर येत न्हाईत."

मालनने एक एक बोट सोडलं. शेवटची करंगळी सुटली तेव्हा तिने हात पदरात गुंडाळून घेतला, परत चुकून जाऊ नये म्हणून. वैजयंताने बटण दाबलं.

मैदान सतरंजी झटकावी तसं उडालं. ऊस, रस्ता, फाटक सगळं माझ्या पायांखालून मागे गेलं आणि मी पालथा पडलो. हाताची बोटं पुढे होती. बोटांना चुना लागला.

डोळे उघडले तेव्हा आधी आभाळ दिसलं, मग वैजयंताची हनुवटी. दवाखान्याच्या गाडीचा भोंगा जवळ येत होता. कुणीतरी ती वेळेवर बोलावलीही होती. जे वाटलं ते सरळ सांगतो, मला अतोनात बरं वाटलं आणि रडू आलं. या सगळ्यांनी माझ्यासाठी आपला दम खर्च केला होता. मी तसा माणूस नव्हे की ज्याच्यासाठी लोक धावतील, पण धावले.

वैजयंता वाकून म्हणाली, "पंचकाका, आता सांगा. पाय आत हुता का न्हाई?"

"बाहेरच होता," मी म्हणालो.

"मग झोपा परत," ती म्हणाली, आणि डोळे पुसत उठली.

दवाखान्यातून घरी आलो, बरगड्या सांधल्या. त्यानंतर मंडळाने तालमीत शिकवणी ठेवली. सगळ्या गावाने छाती दाबायला शिकायचं. डॉक्टरांनी रबरी बाहुला आणला होता, पण बाहुल्याला बाक दिसत नाही, म्हणून मी स्वतःच मध्यरेषेवर उताणा झालो. डॉक्टर जरा कुरकुरले, मग जोर बाहुल्यावर लावायचा आणि माझ्यावर फक्त हलकं दाबायचं, या अटीवर त्यांनी माझ्या छातीवर खडूने जागा आखून दिली. स्टँडवरचे रिक्षावाले, शाळेतले मास्तर, मिरवणुकीतले ताशेवाले, अशी फाटकापर्यंत रांग लागली होती. रांगेत पहिली मालन होती.

तिने बांगड्या मागे सारल्या. तळव्यावर तळवा ठेवला.

"दुखलं तर सांगा."

"दुखत नाही."

"काय म्हणायचं असतं ते?"

"कबड्डी."

तिने हा शब्द आयुष्यात कधी तोंडातून काढला नव्हता. या खेळाने तिचे सगळे रविवार खाल्ले होते. ती श्वास भरून घेत होती तेव्हा मी मान मागे टाकली. बाक उलटा दिसत होता. तिघंही होती तिथेच बसलेली. त्यांच्या वेळी कुणी छाती दाबलीच नव्हती. ज्या सामन्यात एका बाजूने कुणी चढाईच केली नाही, तो सामना पंचाला पुन्हा खेळवता येतो. पडल्या पडल्याच मी हात वर केला आणि तिन्ही सामने पुन्हा, असा निर्णय दिला.

"कबड्डी," मालन म्हणाली, आणि दाबलं.

इब्राहिमभाईंनी गळ्यातली टेप काढून बाईंच्या हातात दिली आणि ते रेषेकडे तोंड करून उभे राहिले.