व्याहीभेटीची बाटली

आमच्या ह्यांना राग आला की ते भांडत नाहीत, गप्प बसतात. आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या समर्थनगरात कोणी सापडायचा नाही. वैदेहीनं, आमच्या एकुलत्या एका मुलीनं, इटलीतल्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा ते असेच गप्प झाले. मुलगा परदेशी, हे एक वेळ चाललं असतं. पण त्या घरी पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षाची दारू करतात म्हटल्यावर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तो खाली घेतलाच नाही. लग्नाला मी माझ्या भावाबरोबर गेले.

तिथं डोंगरउतारावर त्यांचे द्राक्षमळे, घराखाली थंडगार तळघर आणि तळघरात लाकडी पिंपं. जावयाच्या वडिलांना, पिएत्रोंना, मी वैदेहीकरवी आपली व्याहीभेट समजावून सांगितली. दोघांचे वडील एकमेकांना काहीतरी देतात, गळाभेट घेतात. ते ऐकून तळघरात उतरले आणि लाल वाइनची एक बाटली घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी मरणाआधी केलेली शेवटची वाइन, त्यातली उरलेली एकच बाटली. "आम्ही दोघं समोरासमोर बसू, तेव्हाच उघडायची," असं त्यांनी बजावलं. मी ती इरकलीत गुंडाळून जपून आणली.

ह्यांनी ती हातात घेतली. "घरात देव आहेत," एवढंच म्हणाले आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या कूलरशेजारी नेऊन उभी केली. टाकून मात्र दिली नाही. दर गुढीपाडव्याला साफसफाई निघाली की वर जाऊन ओल्या फडक्यानं पुसायचे. मी खोचकपणे विचारलंच तर म्हणायचे, "धूळ बसते."

मधल्या वर्षांत वैदेही यायची, चार दिवस राहून जायची. बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो" यापुढं कधी गेलं नाही. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी जीव तुटायचा.

यंदा जानेवारीत तिच्याबरोबर पिएत्रो आले. गुडघे दुखत असताना एवढा प्रवास करून आलेला माणूस. भरली वांगी बोटं चाटून खाल्ली, आणि जेवण झाल्यावर ह्यांच्याकडे बघत काहीतरी म्हणाले.

"बाबा," वैदेही चाचरत म्हणाली, "ते विचारतायत, आता उघडायची का?"

हे वर गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. बाटलीचं बूच अर्धं वर आलं होतं आणि लेबलावरून लाल ओघळ वाळून गेले होते.

पिएत्रोंनी बूच काढलं, वास घेतला. पेल्यात थोडी ओतून उजेडात धरली आणि पेला खाली ठेवला. सिरक्याचा आंबट वास मला दारापर्यंत आला. ते हळू आवाजात काही बोलले. वैदेहीनं मान खाली घातली.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"सांग म्हणतो ना."

"म्हणाले, उष्णतेनं गेली. त्यांच्या वडिलांच्या हातचं आता काहीच उरलं नाही."

आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? एवढ्यात ह्यांनी तो पेला उचलला आणि तोंडाला लावला. ज्या माणसानं जन्मात कधी दारूला बोट लावलं नाही, त्या माणसानं!

"अहो!" मी ओरडलेच.

त्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"चांगली होती तवा मी समोर बसलो नाही," ते म्हणाले. "नासली ती माझ्यामुळं. मग मलाच प्यायला पाहिजे. सांग त्यांना." मग वैदेहीकडे वळून म्हणाले, "अन् तुलाबी सांगतो. तुझ्या लग्नाला यायला पाहिजे होतं मी. लई चुकलं माझं, बाळा."

वैदेही कसलं सांगते! ती रडतच सुटली. पिएत्रोंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी त्याच पेल्यात आणखी थोडी ओतली, स्वतः प्यायले आणि ह्यांच्यासारखंच तोंड वाकडं केलं.

हे उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात गुलमंडीवरच्या दुकानाची पिवळी पडलेली पिशवी होती आणि पिशवीत रेशमी उपरणं. डांबरगोळ्यांचा वास दरवळला.

"व्याहीभेटीचं आहे," ते म्हणाले. "लग्न ठरलं तवाच घेतलं होतं."

म्हणजे पिएत्रोंची बाटली वर पत्र्याखाली उभी होती, आणि ह्यांचं उपरणं खाली कपाटात कपड्यांच्या थराखाली, माझ्यापासूनसुद्धा लपवलेलं. असा संताप आला मला!

"घेतलं होतं, तर आला का नाहीत?"

ते पिएत्रोंच्या खांद्यावर उपरणं घालून त्याच्या घड्या हातानं सारख्या करत होते. इतकी वर्षं होऊन गेली, पण त्याला कुठं डागसुद्धा पडला नव्हता.