कमरेवरची पट्टी

मिरानने वर्षभर गल्लीतल्या बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे फिरकायचं टाळलं होतं. कोरियातल्या कुन्सान शहरात दारोदार क्रीम विकणाऱ्या बाईचा चेहरा हीच तिची जाहिरात, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मिरानचा चेहरा असा तुकतुकीत की बायका बघत राहायच्या. "या डबीची करामत," ती बेधडक सांगायची. डबीची कसली डोंबलाची करामत. पाळी गेल्यावर कातडी सुकली, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली हार्मोनची पट्टी ती कमरेखाली चिकटवायची, त्याचा तो गुण.

पण आज शेजारच्या बोकहीताईने तिला दारातून हाताला धरूनच नेलं. धाकट्या बहिणीसारखी वागवायची ती मिरानला. तिथे दोघी गेल्या की एकमेकींच्या पाठी घासल्याशिवाय अंघोळ पुरी होत नाही. कपडे उतरवल्याबरोबर ताईला पट्टी दिसली.

"कंबर धरलीय होय गं? आणि बोलली नाहीस ते," ताई म्हणाली. दुखलं खुपलं की घरोघर अशीच पट्टी लावतात. "दिवसभर ती जड बॅग घेऊन आमच्यासाठी वणवण करतेस. घरी चल, माझ्याकडची चांगली झणझणीत पट्टी लावते."

मिरान "हो" म्हणाली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

मग ताईने तिच्याकडे पाठ केली. सालटं निघालेली, नखांच्या ओरखड्यांनी लालभडक झालेली पाठ.

"घास जोरात. मेलेली कातडी निघाल्याशिवाय क्रीम मुरत नाही, तूच म्हणालीस ना? आठ महिने घासतेय. मेली खाज काही जात नाही. माझंच कातडं निबर, दुसरं काय."

खरखरीत फडकं मिरानच्या हातात तसंच राहिलं. तिच्याकडूनच घेतलेल्या क्रीमचा गुण येत नाही म्हणून ताईने विचारलं होतं, तेव्हा वेळ मारून न्यायला मिरान हसत हसत तसं बोलून गेली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, ती दुखण्याची पट्टी नाही. हार्मोनची आहे. माझी कातडी तिने सुधारली, क्रीमने नाही. तू आता घासू नकोस. डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर."

ताईने हात मागे करून फडकं काढून घेतलं.

"वळ," ती म्हणाली.

मिरान वळली. ताईने घासायला घेतलं, मिरानने शिकवलं होतं तसंच, जोरात. पाठीची आग आग झाली, पण मिरानने हूं की चूं केलं नाही. कमरेपाशी आल्यावर मात्र ताईचा हात हळू झाला आणि पट्टीला धक्का न लावता बाजूने गेला. तेव्हा मिरानला रडू आवरेना.