बाबांच्या पेटीची हरवलेली किल्ली

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या गल्लीत उघडेबाबा आले. अंगावर कपडे भरपूर होते. उघडायची ती माणसांची मनं. रोज सकाळी बंद खोलीत तीसेक माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि बाबा धूप पेटवत. ज्याचं मन उघडेल त्याला आवाज येईल, असं त्यांचं सांगणं. तीन महिन्यांत कोणाला हसू आलं, कोणाला भूक लागली, शेजारच्या शिंप्याला झोप लागली. आवाज आला तो एकट्या माझ्या धाकट्या मुलाला.

मग काय, रांग चौकापर्यंत गेली. लोक धाकट्याच्या पाया पडू लागले. बाबा म्हणत, धूर सगळ्यांनी घेतला, आवाज एकालाच आला. म्हणजे आवाज धुराचा नव्हे, वरचा. मीही मान डोलावली. जन्मभर किल्ल्या घासणाऱ्या मला तरी तेव्हाच कळायला हवं होतं.

घरात तो आवाज भलतंच सांगत होता. धाकटा झोपेना. हातात कानस घेऊन नुसता बसून राही. एकदा आईने वाढलेलं ताट त्याने सरकवलं.

"हिने विष घातलंय. मला सांगितलंय."

बाबांना विचारलं, तर म्हणे मन अर्धंच उघडलंय, धूप दुप्पट करू.

त्याच आठवड्यात बाबांचा निरोप आला. कोणाचं काय कुठे हरवलं ते डोळे मिटून सांगणाऱ्या बाबांच्या धुपाच्या पेटीची किल्ली हरवली होती. कुलूप माझ्याच दुकानातलं, सगळ्यात स्वस्त. तारेने उघडलं. वर सुगंधी भुकटी, खाली वाळका गांजा. चिमूटभर मुठीत घेतला आणि धाकट्याला घेऊन डॉक्टरीणबाई गाठल्या.

घरात आधी कोणाला असे आवाज येत होते का, बाईंनी विचारलं. मी माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं सांगितलं.

बाई म्हणाल्या, गांजा मेंदूत ज्या जागी जाऊन बसतो, त्या जागांची ठेवण प्रत्येकाची जन्मतः थोडी वेगळी, आईबापांकडून आलेली. एवढ्या एकाच कारणाने आजार होत नाही, कोणाला होईल हेही छातीठोक सांगता येत नाही. पण घरात आजार असेल तर गांज्याचा धोका जास्त.

"म्हणजे एकाच साच्यातली दोन कुलपं," मी म्हटलं. "आतली पिन केसभर वेगळी. तीच किल्ली एकात नुसती फिरते, दुसऱ्याचं आतलं बिघडवते."

"अगदी तसंच, काका."

दुसऱ्या सकाळी एकाच साच्यातली दोन कुलपं आणि एक किल्ली घेऊन मी बाबांच्या खोलीत गेलो. पेटीत काय आहे ते सांगितलं. किल्लीने एक कुलूप उघडलं, दुसरं उघडेना.

"किल्ली तीच, उघडलं एकच. आता यातलं देवाचं कुठलं, ते बाबांनी सांगावं."

बाबांनी डोळे मिटले. शिंपी म्हणाला, "म्हणजे तीन महिने मी गांजा ओढत होतो? आणि बायकोला सांगत होतो, समाधी लागते."

दुपारच्या आत बाबा गेले. पेटी नेली, कुलूप राहिलं.

आवाज ऐकणारा माणूस निवडलेला नसतो, आजारी असतो. त्याच्या पाया पडू नका, त्याला दवाखान्यात न्या. धाकट्याची एक गोळी अजून चालू आहे आणि किल्ल्या तो माझ्याहून बऱ्या घासतो.

माझी ताई थोरलीच्या लग्नाच्या एकतीस वर्षं आधी वारली. चोवीस वर्षांची होती. तिच्याही पाया पडायचे लोक.