भात बंद

मैनाबाईची पहिली रोटी लाटतानाच फाटली. दुसरी तव्यावर चिकटली. तिसरी शाबूत उतरली खरी, पण इतकी कडक की सुखरामने ती ताटावर आपटून पाहिली तर चक्क आवाज आला. साधनाला हसू फुटलं, आणि आईचा चेहरा पाहून तिने ते तिथेच गिळलं.

"हसू नको," सुखराम म्हणाला. "खा."

बालाघाटात गहू हे सणासुदीचं धान्य. पुऱ्या तळायच्या, पुरण घालायचं, आणि डबा परत फळीवर. एरवी सकाळी भात, रात्री भात, मधे पोटात कावळे ओरडले तर सकाळच्या भाताची पेज. त्यातून सुखराम राईस मिलमध्ये हलरवर, म्हणजे धान सडायच्या यंत्रावर, कामाला. संध्याकाळी तो घरी यायचा तो कोंडा अंगावर घेऊन. त्याच्या भुवया मूळच्या काळ्या होत्या हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसेल. अशा माणसाने आपल्याच घरात भात बंद केला, ही बातमी दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झाली. शेजारच्या दुर्गाबाईने तर हळूच येऊन विचारलं की घरात कुणाला साखरेचा आजार निघाला का.

आजार कुणालाच नव्हता. सुखरामचं त्याच्या मोठ्या भावाशी वाजलं होतं.

महागू राजेगावला शेती पाहायचा. वडील गेल्यापासून घराचा कर्ता तोच. सुखरामने शाळा कधी सोडायची, मिलमध्ये कधी लागायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं महागूने ठरवलं आणि सुखराम 'हौ' म्हणत गेला. दादाला नाही म्हणायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही, कारण दादा आधी ठरवायचा आणि मग विचारायचा. दरवर्षीप्रमाणे यंदाही जेठात तो वाट्याच्या चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन आला. पण या खेपेला पोत्याबरोबर स्थळही आणलं होतं. मुलगा तिरोडीच्या खाणीत टाईमकीपर, घर पक्कं, माणसं ओळखीची.

साधनाने नुकतीच हायर सेकंडरी पास केली होती. शाळेच्या बाईंनी तिच्याकडून जबलपूरच्या मुलींच्या सायन्स कॉलेजात अर्ज भरून घेतला होता आणि तिला तिथे जागा मिळाली होती, हॉस्टेलसकट. सुखरामने हे भावाला सांगितलं तेव्हा महागू आधी बराच वेळ पान चघळत बसला.

मग त्याने भैयालालचा विषय काढला. भैयालाल हा महागूचाच मुलगा. तीन वर्षांपूर्वी तोही जबलपूरला शिकायला गेला आणि पंधरवड्याच्या आत ट्रंक घेऊन राजेगावला हजर झाला. तिथे दोन्ही वेळा रोट्याच देतात, भात मिळत नाही, हे त्याने कारण सांगितलं आणि सगळ्या भाऊबंदांनी ते मान्य केलं. लढाईवरून जखमी होऊन आलेल्याची करावी तशी त्याची सरबराई झाली.

"मरद माणूस नाही टिकला तिथं," महागू म्हणाला, "ते पोरगी काय टिकन?"

आत मैनाबाईने पातेलं आपटलं. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेने बोलायचं नाही अशी त्यांच्यात रीत होती, आणि लग्न होऊन वीस वर्षं उलटली तरी मैनाबाईने ती मोडली नव्हती. तिचं सगळं म्हणणं भांड्यांमधून यायचं. पातेलं नुसतं ठेवलं तर हरकत नाही, आपटलं तर हरकत आहे. महागूला ही भाषा नीट कळायची, पण तो कळल्याचं दाखवायचा नाही.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. तिरोडीची माणसं दिवाळीपर्यंत थांबतील. त्याच्या आत पोरगी हॉस्टेल सोडून घरी आली, तर कार्तिकात लग्न आणि सुखरामने अवाक्षर काढायचं नाही. टिकली, तर शिकू दे, महागू पुन्हा नाव काढणार नाही.

सुखरामने दारातल्या साधनाकडे पाहिलं. ती चौकटीला घट्ट धरून उभी होती.

"हौ," तो म्हणाला. आजवर तो हजारदा हौ म्हणाला असेल, पण विचार करून म्हटलेलं हे पहिलंच.

महागू गेल्यावर त्याने चिन्नोरचं पोतं न उसवता कोपऱ्यात उभं केलं आणि बायकोला सांगितलं, उद्यापासून रोटी. पोरगी जबलपूरला उपाशी राहून परत यायला नको, म्हणून ती इथेच सवय करून जाईल. आणि एकट्या पोरीला रोटी वाढून आपण भात ओरपायचा हे पाप त्याच्याने होणार नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच रोटी.

लोकांच्या घरी पोरगी कॉलेजात जायची तर नवे कपडे शिवतात, ट्रंक रंगवतात. इथे सगळी तयारी चुलीपाशी चालली होती. रेशनचा तांबूस गहू निवडायचा, दळून आणायचा, आणि मग त्या पिठाशी झटायचं. मिलमधला प्रेमलाल म्हणायचा, सुखराम आमच्या पोटावर पाय देणार, उद्या मालक हलर विकून चक्की घालील. सुखराम हसण्यावारी न्यायचा. जेवणाच्या सुट्टीत चौघे डबे उघडून भाताचा वास दरवळवत बसले की तो मात्र आपलं फडकं घेऊन पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा. त्याला भाताची भयंकर आठवण यायची. एवढ्या मोठ्या माणसाला भातासाठी रडू येतं हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मैनाबाई हट्टाला पेटली होती. रेल्वे क्वार्टरमधल्या एका उत्तरेकडच्या बाईकडे दुपारी जाऊन तिने कणीक किती सैल भिजवायची ते पाहून घेतलं. बोटं भाजली, पदराला निखारा लागला, पण पंधरा दिवसांनी तिच्या हातची रोटी फुगली. तिने नवऱ्याला आणि मुलीला हाक मारून ती दाखवली आणि मग रागावून म्हणाली की बघत काय बसलात, खा, निवून जाईल.

साधनाला मात्र रोटी जड जात होती. पोट दुखायचं, घास तोंडात फिरायचा. एक दिवस मिलचा पट्टा तुटला म्हणून सुखराम भरदुपारी घरी आला, तर पोरगी दुर्गाबाईच्या ओसरीवर पेजेचा वाडगा तोंडाला लावून बसलेली. बापाला पाहताच तिने वाडगा खाली ठेवला. ओठाला शीत तसंच चिकटलेलं होतं.

तो सरळ पायरीवर तिच्या शेजारी बसला आणि डोक्यावरचा कोंडा झटकू लागला. दुर्गाबाई काढता पाय घेऊन आत गेली.

"बाबा, तुमी रागावले का?"

"नाही. मलेबी वाटते खावंसं." मग तो म्हणाला, "नसंन जमत तं आत्ताच सांग. मी दादाले सांगतो. त्यात लाज नाही."

साधना उठली. तिने उरलेली पेज दुर्गाबाईच्या गाईच्या घमेल्यात ओतली आणि वाडगा विसळून पालथा घातला.

"मले तिरोडीले नाही जायचं, बाबा. जबलपूरले रोट्या देत नसले अन् माती देत असले, तं माती खाईन. पण परत नाही येत."

त्या रात्री तिने चार रोट्या खाल्ल्या. तिसरीपासून डोळ्यांत पाणी होतं, पण खाल्ल्या.

आषाढात छोट्या लाईनच्या, नॅरोगेज गाडीत बसून तिघं जबलपूरला निघाली. गाडी नैनपूरपर्यंत रमतगमत गेली, जंगलात मधेच थांबली, पुन्हा निघाली. मैनाबाईने वाटेसाठीसुद्धा रोट्याच बांधून घेतल्या होत्या.

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी आईबापांना मोठ्या खोलीत बसवून नियम सांगायची पद्धत होती. बाकीचे बाप कोटातले, आयांच्या हातात पर्स. सुखरामने धुतलेला सदरा घातला होता, पण कानांच्या पाळ्यांतला कोंडा काही निघाला नव्हता. वॉर्डनबाई खणखणीत आवाजात हिंदीतून सांगत होत्या. फाटक सहाला बंद, पाहुणे फक्त रविवारी, घरी जायचं ते थेट दिवाळीला. मग मुलींसकट सगळ्यांना जेवायला बसवलं. ताटं फिरत फिरत आली तशा वॉर्डनबाईही आल्या, आणि साधनाचं गाव कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बालाघाट? आपके यहाँ की लड़कियाँ तो चावल के लिए रोती हैं. पिछले साल एक आठ दिन में भाग गई." मग थोडं मऊ होऊन त्या म्हणाल्या की हिच्यासाठी वेगळा भात शिजवायची व्यवस्था होऊ शकते, वडिलांनी तसं सांगावं.

सुखरामने साधनाकडे पाहिलं. साधनाने मान हलवली, नाही.

"हमारी लड़की रोटी खाती है, मैडम," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, शेजारच्या कोटवाल्याने वळून पाहिलं.

साधनाने तीन रोट्या भाजीबरोबर संपवल्या आणि चौथी मागून घेतली. मैनाबाईने आपल्या ताटातली रोटी उलटीपालटी करून पाहिली आणि नवऱ्याच्या कानाशी लागून निकाल दिला की हिच्यापेक्षा माझी बरी होते. फाटकापाशी निरोप घेताना कुणी रडलं नाही. रडायचं ते गाडीत, जागा मिळाल्यावर, मैनाबाई एकटीच रडली आणि सुखराम पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

घरी आल्यावर तिने सवयीने भाताचं आधण ठेवलं. सुखरामने ते उतरवून ठेवलं.

"आता काहून?" मैनाबाईने विचारलं. "पोरगी तं गेली."

"ते तिथं रोटी खाऊन राह्यली अन् आपण इथं भात खायचा? उतरंन का घशाखाली?"

मैनाबाईने परात ओढली. मग श्रावण गेला, भादवा गेला. पोळ्याला, गणपतीला, महालक्ष्म्यांना घरात नैवेद्यापुरती मूद पडली, ती सुखरामने गाईला घातली. महागूने दोनदा निरोप पाठवून विचारलं, पोरगी आली का. दोन्ही वेळा निरोप आणणाऱ्याला मैनाबाईने रोटी खाऊ घालून परत पाठवलं.

दिवाळीच्या सुट्टीला साधना आली. वाळली होती, उंच वाटत होती, निम्मं बोलणं हिंदीत. प्राणिशास्त्राच्या तासाला बेडूक कापला हे तिने आईला इतक्या आनंदाने सांगितलं की मैनाबाईने हातातला लाडू खाली ठेवला. पाडव्याला महागूही आला. हरला होता, पण मोठा भाऊ होता, सणाला येणं भाग होतं. साधनाने पाया पडून त्याला सांगितलं की सुट्टी संपली की ती परत जाणार. महागू 'बरं' म्हणाला आणि तिरोडीचं नाव त्याने काढलं नाही. बोललेला शब्द त्याने पाळला, एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

त्या दिवशी सुखरामने चिन्नोरच्या पोत्याची शिवण उसवली. जुना तांदूळ, शिजायला लागला तसा वास ओसरीवर, ओसरीवरून गल्लीत गेला. पाट मांडले. मैनाबाईने वाफाळत्या भाताचा डोंगर प्रत्येकाच्या ताटात घातला, वरून तूप.  जेठापासून सुखराम या घासाची वाट पाहत होता. पण त्याने आधी मुलीकडे पाहिलं, तिने पहिला घास घ्यावा म्हणून.

साधनाने घास घेतला. दुसरा घेतला. छान झालाय म्हणाली, आणखी दोन-तीन घेतले. मग तिची बोटं भातात नुसतीच फिरू लागली आणि सहज, दुसरंच काही मनात असल्यासारखं, ती म्हणाली, "माय, रोटी नाही केली का?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती लालबुंद झाली आणि घाईघाईने म्हणू लागली की तसं नाही, भात चांगलाच आहे, फक्त आता भाताने पोट भरल्यासारखं वाटत नाही, सवय गेली.

महागू हसला. आल्यापासून अडकून बसलेलं हसू त्याला आता सापडलं.

"घे सुखराम. भातबी सुटला पोरीचा. गेली तुझी पोरगी."

सुखरामला वाईट वाटलं. अगदी आतपर्यंत वाईट वाटलं, कारण दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. आत भांडं आपटेल म्हणून त्याने वाट पाहिली. भांडं आपटलं नाही. मैनाबाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली आणि महागूच्या समोर उभी राहिली. महागूने घास हातात तसाच धरला.

"गेली नाही, मोठेबाबा," ती म्हणाली. "आमीच पोहोचवली."

एवढं बोलून ती आत गेली. पीठ चाळल्याचा आवाज आला. महागू ताटाकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत भावजयीचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो त्याला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ जाड होता.

"राहू दे ना माय, खाते मी," साधना म्हणाली आणि तिने ताटात हात घातला.

"दे इकडं," सुखराम म्हणाला. त्याने तिचं ताट ओढून घेतलं, सगळा भात आपल्या ताटात लोटला आणि रिकामं ताट तिच्यापुढे सरकवलं. मग तो जेवायला लागला. आतून पहिली रोटी येऊन साधनाच्या ताटात पडली, टम्म फुगलेली, तरी त्याने मान वर केली नाही. स्वतःचा भात त्याने संपवला, तिचाही संपवला, आणि ताटाच्या काठाला चिकटलेलं शेवटचं शीत बोटाने टिपून खाल्लं.